आबांनी केलेला फॅमिली ट्रस्ट मोडता येतो का?

उद्यमनगरी:

मंडळी, सल्ला पाहिजे. शक्यतो या कामात असलेल्यांचा किंवा यातून गेलेल्यांचा.

आमच्या आबांनी (वय ७६, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, आता बंद) २०१६ साली फॅमिली ट्रस्ट केला. एका सल्लागाराने तेव्हा त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की ट्रस्ट केला की पोरं भांडत नाहीत, कोर्टकचेरी टळते आणि उद्या सरकारने वारसा कर परत आणला तरी इस्टेट शाबूत राहते. ट्रस्टमध्ये लक्ष्मीपुरीतले दोन गाळे आणि राजारामपुरीतलं घर आहे. विश्वस्त तिघं: आबा, धाकटे काका आणि आबांचे एक जुने मित्र. लाभार्थी म्हणजे आई-आबा हयात असेपर्यंत ते दोघं, त्यांच्यामागे मी, धाकटा भाऊ आणि "त्यांची मुले". माझी मुलगी ११ वर्षांची आहे, भावाचा मुलगा ६.

ताईचं नाव कुठंच नाही. तेव्हा ती सासरी सुखात होती आणि "लग्नात दिलंय की" असा नेहमीचा हिशोब झाला. नंतर दाजी गेले, ताई लेकाला घेऊन परत आली. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून घर तीच बघते. आबांचं म्हणणं एकच: "मी केलाय, मीच मोडणार. लेकीला घरात वाटा देणार आणि एक गाळा विकून आमच्या म्हातारपणाची सोय करणार." मला आणि भावाला यात काडीची हरकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक आमच्यावरच घसरतील.

मामेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच केलेला ट्रस्ट) कधीही रद्द होतो, एक पानी कागदावर सही केली की काम झालं. इथं ज्यांनी दस्त करून दिला ते म्हणतात, होत नाही. कुणाचं खरं?

पेठकर:

त्यात काय विषय हाय भावा? आबांनी केला न्हवं? मग दस्त घ्यायचा, फाडायचा आणि पंचगंगेत सोडायचा.

कळंबा_रोड:

असं कसं. धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. आमच्या तालमीच्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले तेव्हा बदल अहवाल दाखल करून मंजूर होईपर्यंत चपला झिजल्या.

करवीर_वकीलबाई:

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी.

पेठकर, फाडून रद्द होतं ते मृत्युपत्र. तेही करणाऱ्याने स्वतः, रद्द करायच्या इराद्याने फाडलं तर. नोंदणीकृत ट्रस्टची घरातली प्रत फाडलीत तरी दुय्यम निबंधकाकडे दस्त जसाच्या तसा असतो.

कळंबा_रोड, तुमच्या तालमीचा ट्रस्ट सार्वजनिक. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागतो आणि तिथं धर्मादाय कार्यालय येतं. घरच्या माणसांसाठी केलेला ट्रस्ट खाजगी. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम. धर्मादायचा तिथं काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. त्या अधिनियमाच्या कलम ७८ मध्ये ट्रस्ट रद्द करण्याचे मार्ग मोजून दिलेले आहेत. ट्रस्ट मृत्युपत्रातून केला असेल तर करणारा हयात असेपर्यंत त्याच्या मर्जीने रद्द होतो. हयातीतच दस्त करून केला असेल तर "मीच केलाय" हे कारण पुरत नाही. एकतर रद्द करण्याचा अधिकार आबांनी त्याच दस्तात स्पष्ट शब्दांत स्वतःकडे राखून ठेवलेला पाहिजे, नाहीतर सगळ्या लाभार्थींची संमती पाहिजे, आणि ते सगळे करार करण्यास सक्षम, म्हणजे सज्ञान वगैरे पाहिजेत. तिसरा मार्ग कर्जफेडीसाठी केलेल्या ट्रस्टचा आहे, तुमच्या कामाचा नाही.

सल्ल्याआधी दस्त वाचायला पाहिजे. "रद्द", "बदल" आणि "विक्री" हे शब्द ज्या कलमांत येतात ती जशीच्या तशी इथं टाइप करा. नावं आणि गट-सर्व्हे नंबर गाळून.

फ्रीमाँटवाली:

मामेभाऊ खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या गावचं सांगतोय. मूळची शाहूपुरीची, बरीच वर्षं इकडे आहे. आमचाही लिव्हिंग ट्रस्ट आहे, आणि आम्ही तो मध्यंतरी बदलला, म्हणून लिहिते.

इथं लोक ट्रस्ट का करतात ते आधी बघा. कॅलिफोर्नियात प्रोबेटसाठी (माणूस गेल्यावर त्याचं मृत्युपत्र, इस्टेट कोर्टातून मार्गी लावणं) वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या ८ लाखांवर २ टक्के. १० लाख डॉलरच्या घराला २३ हजार डॉलर होतात आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, तोही तेवढेच मागू शकतो. वर गंमत म्हणजे घरावरचं कर्ज यात वजा धरत नाहीत. म्हणून साधी नोकरदार माणसंसुद्धा ट्रस्ट करतात.

आणि इथला नियम तुमच्याकडच्या बरोब्बर उलटा आहे. दस्तात "हा अपरिवर्तनीय आहे" असं स्पष्ट लिहिलं नसेल तर करणारा तो रद्द करू शकतो. तुमच्याकडे रद्द करायचा अधिकार लिहून ठेवावा लागतो, आमच्याकडे तो नको असेल तर तसं लिहावं लागतं. मामेभावाचा घोळ इथंच आहे.

पण "एक पान, एक सही" हेही अर्धंच खरं. नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेचा ट्रस्ट असेल तर रद्द कुणीही एकटा करू शकतो, बदल मात्र दोघांनी मिळून करायचा, दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर. दस्तात बदलाची पद्धत दिली असेल तर ती पाळलेली बरी, तिथंच खटले होतात. आणि ट्रस्ट रद्द केला म्हणून घर आपोआप परत नावावर येत नाही, त्याचा वेगळा डीड करून काउंटीत नोंदवावा लागतो. बँक खात्यांचंही तसंच. आम्ही म्हणून रद्द केलाच नाही, त्याच नावाने आणि त्याच तारखेने सगळा मजकूर नव्याने लिहून घेतला. घर, खाती जिथल्या तिथं राहिली. दोघांतला एक गेल्यावर मात्र बऱ्याच ट्रस्टचा काही भाग गोठतो, मग मागं राहिलेल्यालाही तो बदलता येत नाही. आमच्या ओळखीत एका बाईंना हे नवऱ्याच्या तेराव्यानंतर कळलं.

ऊसवाला:

वाचतोय. आमच्या थोरल्या चुलत्यांनाही असाच ट्रस्ट करायला सांगत होते, शेतजमिनीसकट. बरं झालं ऐकलं नाही.

करवीर_वकीलबाई:

ऊसवाला, शेतजमिनीचं खरंच जपून. कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याकडे जमीन जायला आडवं येतं, त्यात विश्वस्त बाहेरचा असला तर सातबाऱ्यावर नाव लावताना तलाठ्यापासून प्रश्न सुरू होतात. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर ती चुलत्यांना एकट्याने ट्रस्टमध्ये घालताच येत नाही. २००५ पासून लेकींचाही त्यात जन्मतः हिस्सा आहे.

उद्यमनगरी:

दस्त काढला. आबांनी कपाटात देवाच्या फोटोमागं ठेवला होता. कलमं टाकतो:

"कलम ९. सदरचा ट्रस्ट हा कायम स्वरूपाचा असून तो रद्द करणेचा अथवा त्यातील लाभार्थी कमी-जास्त करणेचा कोणताही अधिकार ट्रस्ट करून देणार यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला नाही."

"कलम १४. विश्वस्तांना ट्रस्ट मिळकत भाड्याने देणेचा, गहाण ठेवणेचा, विक्री करणेचा व आले रकमेतून दुसरी मिळकत अगर सुरक्षित गुंतवणूक करणेचा पूर्ण अधिकार राहील."

"कलम १६. ट्रस्ट मिळकतीचे निव्वळ उत्पन्न ट्रस्ट करून देणार व त्यांच्या पत्नी यांना तहहयात देणेचे आहे. त्यांचे आजारपणासाठी जरूर तर मुद्दलातूनही खर्च करणेचा आहे."

कलम ९ वाचून आबा जे बोलले ते इथं लिहिता येत नाही.

पेठकर:

लिहा की, कोल्हापुरातच हाय सगळी.

करवीर_वकीलबाई:

कलम ९ ने एक दार पूर्ण बंद केलं. नुसता उल्लेख नसता तरी अधिकार राखला नाही असंच धरलं असतं, इथं तर वर कुलूप घातलंय.

राहिली सगळ्यांची संमती. तुम्ही दोघं भाऊ द्याल, आई-आबा देतील. तुमची लेक आणि पुतण्या अज्ञान, म्हणजे १८ च्या आतले आहेत, त्यांची संमती कायद्याने होत नाही, आणि बाप म्हणून तुम्ही त्यांच्या वतीने सही केलीत तर ती उद्या त्यांच्याच वकिलाच्या हातात आयतं कोलीत. पुतण्या १८ चा व्हायला १२ वर्षं. शिवाय "त्यांची मुले" एवढंच लिहिलंय, म्हणजे अजून जन्माला न आलेल्याचाही मुद्दा कुणी काढू शकतो.

ट्रस्टच्या सूचनांत फेरफार करायला अज्ञान लाभार्थीच्या वतीने जिल्हा न्यायालय संमती देऊ शकतं (कलम ११). म्हणजे आपलं कसबा बावड्याचं. पण न्यायालय बघणार अज्ञानाचं हित. "आत्याला वाटा देण्यासाठी या दोन पोरांचा हिस्सा कमी करा" असा अर्ज घेऊन गेलात तर आत्याबद्दल कितीही सहानुभूती असली तरी मंजुरी मिळणं अवघड. मी तरी आबांना त्या वाटेला लावणार नाही.

पण मला कलम १४ आणि १६ बघून बरं वाटलं. आबांना गाळा विकायचाय ना? त्यासाठी ट्रस्ट मोडायची गरजच नाही. विश्वस्त विकू शकतात. पैसे ट्रस्टच्या खात्यात राहतील, मुदत ठेवीत ठेवा, व्याज आई-आबांचं. आजारपणाला मुद्दलही काढता येतं. आबांना हवं होतं त्यातलं निम्मं काम इथंच झालं.

एक विचारते. घर आणि गाळे एकाच दस्तात आहेत का? पानाशेवटच्या परिशिष्टात बघा.

उद्यमनगरी:

तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. परिशिष्टात फक्त दोन गाळे. घरासाठी २०१८ साली वेगळी "पुरवणी ट्रस्ट घोषणा" केली आहे, १०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का. सल्लागार म्हणाले होते की एवढं पुरतं, परत नोंदणीचा खर्च कशाला.

करवीर_वकीलबाई:

सिटी सर्व्हेतून घराचं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि सूची २ चा, म्हणजे दुय्यम निबंधकाकडच्या नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या. मग बोलू.

सीए_शाहूपुरी:

तोवर कराचं सांगून घेतो, कारण ट्रस्ट म्हटलं की प्रत्येकाला वाटतं कर वाचतो.

वारसा कराच्या भीतीने ट्रस्ट करणं हे मला कधी पटलं नाही. इस्टेट ड्युटी १९५३ च्या कायद्याने आली, वरच्या टप्प्यात ८५ टक्क्यांपर्यंत गेली आणि १९८५ साली बंद झाली. परत येईल म्हणून दर बजेटला आवई उठते, तेवढीच.

आता लोक विचारतील, मग सरळ रद्द करता येईल असाच ट्रस्ट का करत नाहीत? करता येतो, पण आयकर खातं म्हणतं की मालमत्ता परत घ्यायची सोय ठेवलीय म्हणजे तुम्ही ती सोडलेलीच नाही. १९६१ च्या कायद्याची कलमं ६१ ते ६३: अशा ट्रस्टचं उत्पन्न करणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आणि कुणाला किती द्यायचं ते विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं असेल तर बहुतेक वेळा सर्वांत वरच्या दराने कर लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे बघून अर्ज लिहू नका.

माझं स्वतःचं मत: दोन गाळे आणि एक घर एवढ्या इस्टेटीला हयातीतला ट्रस्ट म्हणजे उंदराला तोफ. मतिमंद मूल असेल, व्यसनी वारस असेल, परदेशात विखुरलेली माणसं असतील, तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना नीट केलेलं मृत्युपत्र पुरतं. प्रोबेटची भीती घालतात, पण ती सक्ती मुंबईची होती. कोल्हापुरात हिंदू माणसाच्या इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती नव्हतीच.

राजाराम_बंधारा:

आबांनी सरळ ताईच्या नावे बक्षीसपत्र करून टाकावं की. मृत्युपत्रावर उद्या कोणीही शंका घेतं.

करवीर_वकीलबाई:

बक्षीसपत्र ट्रस्टपेक्षाही पक्कं असतं. एकदा दिलं, घेणाऱ्याने स्वीकारलं, नोंदणी झाली की "मन बदललं" म्हणून परत घेता येत नाही. आपल्या मर्जीने परत घेईन अशी अट घातली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ते बक्षीसच त्या मर्यादेत निरर्थक. फसवणूक, दबाव सिद्ध करायला गेलात तर दिवाणी दावा, आणि ७६ व्या वर्षी दिवाणी दावा म्हणजे काय ते सांगायला नको.

ज्येष्ठांना एक वाट आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकारी, ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतात. पण अट पाहिजे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात अट दाखवता आली नाही म्हणून आईच्या विरोधात निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायचा असं म्हणून आईला मिळकत परत दिली, पण तिथंही सांभाळाची अट कागदावर होती. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट आणि आई-आबांचा तहहयात राहण्याचा हक्क दोन्ही त्याच दस्तात लिहा.

ऊसवाला:

आमच्या भावकीत एकाने अट न लिहिता दिलं. आता गोठ्याशेजारच्या खोलीत राहतो म्हातारा. पोरगा जेवण पाठवतो, दोन वेळचं, म्हणजे तक्रारपण करता येत नाही.

उद्यमनगरी:

कागद आले. सूची २ मध्ये २०१६ चा दस्त आहे, त्यात फक्त गाळे. २०१८ च्या पुरवणीची कुठंच नोंद नाही. प्रॉपर्टी कार्डावर घर अजून आबांच्या एकट्याच्या नावावर आहे. खरेदीपत्र १९८९ चं, वर्कशॉपच्या कमाईतून घेतलेलं, वडिलोपार्जित नाही.

करवीर_वकीलबाई:

मग आबांना चहा पाजा.

कलम ५ सांगतं की स्थावर मिळकतीचा ट्रस्ट लेखी, सही केलेल्या आणि नोंदवलेल्या दस्ताने किंवा मृत्युपत्राने करावा लागतो. करणारा स्वतःच विश्वस्त असला तरी घोषणा नोंदवायलाच लागते. नोटरीने फक्त सही कुणी केली ते पाहिलं, त्याने नोंदणीची जागा भरून निघत नाही. मूळ दस्त आणि पुरवणी समोरासमोर ठेवून वाचावी लागेल, पण तुम्ही सांगताय तसं असेल तर घर ट्रस्टमध्ये गेलेलंच नाही. ते आबांचं आहे आणि आबा ते मृत्युपत्राने ताईला पूर्ण किंवा हिश्श्याने देऊ शकतात. ते मृत्युपत्र हयातीत हवं तेव्हा बदलताही येतं.

म्हणून "ट्रस्ट रद्द केला" असा कागद घाईने करू नका. त्यात घराचा उल्लेख केलात तर घर ट्रस्टचं होतं अशी कबुलीच आबांच्या सहीने तयार होईल. गाळ्यांचा ट्रस्ट आहे तसा राहू दे, नातवंडांचं नातवंडांना.

मृत्युपत्रात २०१८ च्या कागदाचा उल्लेख करून तो नोंदवला गेला नव्हता आणि घराचा ताबा-मालकी आबांकडेच राहिली हे एका परिच्छेदात लिहा. ताईला का देतोय तेही आबांच्या भाषेत लिहा. दोन साक्षीदार, त्यात घर मिळणारं कोणी नको, शक्यतो आबांपेक्षा तरुण. डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला. नोंदणीची सक्ती नाही, तरी करा.

उद्यमनगरी:

ताईला सांगितलं. ती म्हणाली घर तिघांत करा, मला वरचा मजला बास. आबा म्हणाले तू गप्प बस. चालू आहे.

एक शेवटचं. गाळ्याला गिऱ्हाईक आहे. ते म्हणतात आबा ट्रस्ट करणारे, त्यांची एकट्याची सही चालेल. काका इथंच आहेत, पण मित्र पुण्याला मुलाकडे असतात, प्रवास झेपत नाही. त्यांचं वटमुखत्यारपत्र घेतलं तर?

करवीर_वकीलबाई:

चालणार नाही. विश्वस्त एकाहून जास्त असतील तर सगळ्यांनी मिळून करायचं असतं, दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर (कलम ४८). विश्वस्ताचं काम दुसऱ्यावर सोपवण्यावरही बंधनं आहेत (कलम ४७), गिऱ्हाइकाचा वकील शहाणा असेल तर तो मुखत्यारपत्रावर विक्री घेणार नाही. मित्रांना खरंच झेपत नसेल तर त्यांना रीतसर मोकळं करून नवा विश्वस्त नेमा, दस्तात त्याचं कलम असेल, ते पाठवा. मुद्रांक किती लागेल यावर वाद होणार असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या.

पेठकर:

नव्या विश्वस्ताच्या जागी ताईला घ्या की.

करवीर_वकीलबाई:

पेठकर, पहिल्यांदाच कामाचं बोललात. ताई लाभार्थी नाही, त्यामुळे हितसंबंधाची अडचणही नाही. दस्तातलं नेमणुकीचं कलम बघून सांगते.

सीए_शाहूपुरी:

आणि इसार घेण्याआधी ट्रस्टच्या खात्याची केवायसी करून घ्या, पॅन ट्रस्टचा. गिऱ्हाईक धनादेश आबांच्या नावाने देतो म्हणेल, घेऊ नका.

उद्यमनगरी:

केवायसी २०१९ पासून अडकलीय. उद्या सकाळी बँकेत जातो, नेमणुकीचं कलम रात्री टाकतो.